गावठाण आणि शिवार

आर्लला मी पहिल्यांदा गेलो तो आव्हिन्याँहून, साडेचार तासांसाठी. रोमन काळातलं अँफिथिएटर बघितलं, चित्रांमुळे ओळखीच्या झालेल्या पिवळ्या कॅफेसमोर फोटो काढला, रोन नदीच्या काठावर वाऱ्याने टोपी उडवली ती पकडायला धावलो आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो. रात्री वहीत लिहिलं, 'आर्ल झालं.' मधे बरीच वर्षं गेली. दुसऱ्या खेपेला दक्षिणेकडे जाणारी बस पकडली. घरं पाच-दहा मिनिटांत संपली. मग भाताची खाचरं लागली, मग बोरूचं बन, गुडघाभर पाण्यात उभी पांढरी घोडी, पुन्हा खाचरं. चाळीसेक किलोमीटरवर मिठाचे ढीग दिसायला लागले आणि बस सालँ-द-जिरो नावाच्या मिठागराच्या वस्तीत थांबली. चौकशी केली तर ही वस्तीसुद्धा आर्लचीच. इतका वेळ बस चालली होती ती आर्लच्या हद्दीतच.

युरोपातल्या फ्रान्समधली ही क्षेत्रफळाने सर्वांत मोठी नगरपालिका. ७५९ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहून मोठी, आणि माणसं पन्नास हजारांच्या आसपास. आपल्याकडे यासाठी दोन नेमके शब्द आहेत. पहिल्या खेपेला साडेचार तासांत मी बघितलं ते आर्लचं गावठाण. शिवार राहूनच गेलं होतं. या पुस्तकातले सगळे लेख त्या राहून गेलेल्या शिवाराच्या वाटेने पुन्हा गावठाणात शिरण्याचा प्रयत्न आहेत.

आधी नावाचं उरकून घेऊ. मराठीत 'आर्ल्स' लिहायची सवय आहे. इंग्रजी पुस्तकांतून नाव आलं, त्याबरोबर न उच्चारायचा 'स'ही आला. तिथे कुणीही तो उच्चारत नाही, म्हणून इथे सगळीकडे आर्ल. मराठी वाचकाला दक्षिण फ्रान्सची दोनच दारं माहीत असतात. एक मार्सेलिस, जिथे ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी घेतली. दुसरं व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं आर्ल. दोन्ही दारं इतकी भव्य आहेत की आपण उंबऱ्यातच थबकतो. आत कसला मुलूख आहे, तिथे काय पिकतं, वारा कुठून येतो, हे विचारायचं राहून जातं.

वाऱ्यापासूनच सुरुवात करावी. उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून खाली येणाऱ्या कोरड्या, थंड वाऱ्याला मिस्त्राल म्हणतात. तो आला की दिवसच्या दिवस हटत नाही. जुन्या शेतघरांच्या उत्तरेच्या भिंतीला खिडकी नसते. शेतांच्या कडेला सरूची झाडं दाटीने लावलेली असतात, ती शोभेसाठी नव्हेत. दक्षिणेच्या कामार्ग या दलदलीच्या भागातल्या गुराख्यांच्या बोरूने शाकारलेल्या झोपड्या तर मागच्या बाजूने गोलाकार असतात आणि ती गोल पाठ वाऱ्याकडे केलेली असते. गाय पावसात उभी राहते तशी. चित्रांतली सरूची झाडं मी आधी पुष्कळ बघितली होती. ती तिथे का आहेत हे कळलं ते टोपी उडाल्यानंतर.

बाकीचा सगळा मुलूख नदीने केलेला आहे. आर्लच्या किंचित वर रोन दुभंगते, थोरली रोन आणि धाकटी रोन. त्या दोन फाट्यांच्या बेचक्यातला त्रिभुज प्रदेश म्हणजे कामार्ग: गाळ, खारं पाणी, गोडं पाणी आणि मधोमध व्हाकारेसचं उथळ, विस्तीर्ण सरोवर. पूर्वेला क्रो नावाचं मैदान आहे. हे द्युराँस नदीचं जुनं पात्र. नदीने वाट बदलली आणि गोटे मागे राहिले. इतके गोटे आले कुठून, याचं उत्तर ग्रीकांनी असं दिलं की लढाईत हेराक्लीसचे बाण संपले तेव्हा झ्यूसने त्याच्यासाठी दगडांचा पाऊस पाडला. १६व्या शतकात आदाँ द क्रापोन याने द्युराँसचं पाणी कालव्याने या दगडांवर आणलं. पाण्याबरोबर गाळ आला, गाळावर गवत आलं. आज क्रोच्या वाळल्या गवताला वाइनसारखा प्रदेशनामाचा सरकारी शिक्का आहे. जिथे पाणी पोचलं नाही तिथे आर्लची मेरिनो मेंढरं चरतात आणि उन्हाळ्यात आल्प्सवर जातात. पूर्वी ती चालत जात, आता ट्रकने. आणि ईशान्येला आल्पीय: चुनखडीचे पांढरे, दातेरी, बुटके डोंगर. तिथल्या ले बो या गावाजवळच्या लाल दगडाचं १८२१मध्ये पृथक्करण झालं आणि त्या गावावरून ॲल्युमिनियमच्या खनिजाला बॉक्साइट हे नाव पडलं.

दलदल, गोटे आणि चुनखडी, या तिहींच्या मधल्या एका उंचवट्यावर गाव वसलं. त्याचं नशीब उघडलं ते एका भांडणामुळे. इसवी सनापूर्वी ४९मध्ये सीझर आणि पाँपी यांच्या यादवीत मार्सेलिसने पाँपीची बाजू घेतली. सीझरने आर्लला बारा लढाऊ गलबतं बांधायला सांगितली. झाडं तोडल्यापासून तीस दिवसांत ती तयार झाली, असं त्यानेच लिहून ठेवलंय. मार्सेलिस पडलं, आर्लला बक्षीस मिळालं. इ. स. पू. ४६मध्ये सहाव्या पलटणीच्या निवृत्त शिपायांना इथे जमिनी देण्यात आल्या. समुद्रातून आलेला माल इथे नदीतल्या होड्यांत चढायचा आणि वर जायचा. गावात आज जे बघायला लोक येतात ते थिएटर, चौकाखालची भुयारी दालनं, दोन मजली साठ-साठ कमानींचं आणि वीसेक हजार माणसं मावणारं अँफिथिएटर, हे सारं या उलाढालीच्या पैशाचं.

माझ्या मते मात्र आर्लचा सर्वांत बोलका रोमन अवशेष गावठाणात नाहीच. तो गावापासून काही किलोमीटरवर, बार्बगालच्या उतारावर ऑलिव्हच्या झाडांत पडलेला आहे. डोंगरावरून पाणी आणणारा पाट इथे खडक फोडून उतारावर सोडला आहे आणि त्या उतारावर दोन रांगांत आठ-आठ अशा सोळा पाणचक्क्या होत्या. दुसऱ्या शतकातला हा पिठाचा कारखाना. एका चाकावरून पडलेलं पाणी खालच्या चाकाला, त्याचं त्याच्या खालच्याला. चाकांच्या लाकडावर साचलेल्या चुन्याच्या पुटांचा अभ्यास अलीकडे झाला. त्यावरून चक्क्या वर्षातले काही महिने बंद असाव्यात असं दिसतं, म्हणून हे पीठ गलबतांवरच्या टिकाऊ बिस्किटांसाठी असावं असा तर्क आहे. मी गेलो तेव्हा तिथे तिकीट नव्हतं, पहारेकरी नव्हता, एक मुलगा सायकल टेकवून सँडविच खात बसला होता.

पुढच्या शतकांवरून मी भरभर जातो, कारण त्यावर चांगली पुस्तकं आहेत. ३१४मध्ये इथे ख्रिस्ती धर्मगुरूंची मोठी परिषद झाली. ११७८मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने सँ-त्रोफीमच्या चर्चमध्ये राज्याभिषेक करून घेतला. त्या चर्चचं दार बाराव्या शतकातल्या शिल्पकामाचा उत्तम नमुना आहे. पण एका गोष्टीपाशी थांबायला हवं. रोमन सत्ता गेल्यावर आर्लच्या लोकांनी अँफिथिएटरच्या कमानी बुजवल्या, वर बुरूज चढवले आणि आत राहायला गेले. दोनशेच्या वर घरं, गल्ल्या, दोन छोटी चर्चं, असं आख्खं गाव त्या लंबवर्तुळात हजारेक वर्षं नांदलं. १८२५नंतर ती घरं विकत घेऊन पाडण्यात आली आणि 'मूळ' वास्तू मोकळी झाली. आज तिथे बघायला मिळतं ते रोमन बांधकाम, आणि तितकंच एकोणिसाव्या शतकाचं मत. चारांपैकी तीन बुरूज तेवढे उरलेत. माणसं राहत होती याची तेवढीच खूण.

आर्लकडे बघण्याच्या ज्या परंपरा पुढे तयार झाल्या त्यांतली पहिली याच मताची. तिला दगडवाल्यांची परंपरा म्हणू. प्रॉस्पेर मेरिमे १८३४मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी निरीक्षक झाला आणि लगेच दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला. 'कार्मेन' लिहिणारा तो हाच. जतन करण्याजोगं काय आणि पाडण्याजोगं काय, हे ठरवणारी फ्रेंच सरकारी नजर या लोकांनी घडवली. १९८१मध्ये युनेस्कोच्या यादीत आर्लची रोमन आणि रोमानेस्क स्मारकं गेली ती याच वाटेने.

दुसरी परंपरा भाषेची. १८५४मध्ये फ्रेदेरिक मिस्त्राल आणि त्याच्या कविमित्रांनी प्रोव्हाँसाल भाषेसाठी फेलिब्रीज ही चळवळ सुरू केली. पॅरिसच्या फ्रेंचपुढे शाळांतून हद्दपार होत चाललेली ही भाषा. मिस्त्रालने तिच्यात महाकाव्य लिहिलं, तिचा प्रचंड कोश केला आणि १९०४चं नोबेल पारितोषिक मिळालं तेव्हा आपला पैसा आर्लमधल्या लोकजीवनाच्या संग्रहालयावर घातला. तिथे पाळणे आहेत, मिठाचे डबे आहेत, आर्लच्या बायकांचे पोशाख आणि डोईवरच्या फिती आहेत. भाषेवर प्रेम करणाऱ्याला हा माणूस जवळचा वाटतो. तरी त्या दालनांतून फिरताना मला गुदमरल्यासारखं झालं. ज्या मजुरणी तेव्हा मिठागरात राबत होत्या त्या या पोशाखात नव्हत्या. आल्फाँस दोदेने 'आर्लची तरुणी' या नाटकात जिच्यावरून सारं घडतं तिला एकदाही रंगमंचावर आणलं नाही. फ्रेंचमध्ये आजही ज्याची सगळे वाट बघतात आणि जो कधीच येत नाही त्याला 'आर्लेझियेन' म्हणतात. मिस्त्रालच्या संग्रहालयाबद्दलही मला तेच म्हणावंसं वाटतं.

तिसरी परंपरा चित्रकारांची, म्हणजे एका चित्रकाराची. २० फेब्रुवारी १८८८ला व्हॅन गॉग आर्लला उतरला तेव्हा बर्फ पडलेलं होतं. जेमतेम पंधरा महिन्यांत त्याने सुमारे दोनशे चित्रं आणि शंभरावर रेखाटनं केली. रंगांबद्दल सगळेच लिहितात. मला त्याची रेखाटनं अधिक काही सांगतात, कारण त्यांतली कितीतरी बोरूने काढलेली आहेत. इथल्या पाटांच्या कडेला उगवणारा बोरू तासून. ज्यांच्या आजोबांनी बोरूने कित्ता गिरवला असेल त्यांना त्या रेघेचा जाड-बारीकपणा समजावून सांगावा लागणार नाही. माँमाजूरच्या मठाच्या टेकडीवरून त्याने क्रोचं जे मैदान काढलं आहे त्यात प्रत्येक शेताला वेगळी रेघ आहे: टिंबं, आडवे फटकारे, आकड्या. शिवार बघणारा माणूस होता तो.

गाव त्याच्याशी बरं वागलं नाही. १८८८च्या डिसेंबरात त्याने स्वतःचा कान कापून घेतल्यावर तीसेक शेजाऱ्यांनी त्याला आवरा असा अर्ज केला. तो राहायचा ते पिवळं घर १९४४मध्ये दोस्तांच्या बाँबहल्ल्यात पडलं. गावाच्या मालकीचं त्याचं एकही चित्र नाही, जी बघायला मिळतात ती उसनी आणलेली. आणि मी फोटो काढला त्या कॅफेची भिंत मुळात पिवळी नव्हतीच. चित्रात ती दिव्याच्या उजेडाने पिवळी दिसते, मग पुढे चित्राबरहुकूम तिला रंग दिला गेला. १२२ वर्षं जगून १९९७मध्ये वारलेल्या आर्लच्या जान काल्माँ या बाईंनी लहानपणी त्याला दुकानात पाहिल्याची आठवण सांगितली होती. त्यांचं मत चांगलं नव्हतं.

छायाचित्रकार मागून आले. ल्युसियँ क्लेर्ग हा आर्लचाच. त्याने मित्रांबरोबर १९७०मध्ये सुरू केलेला छायाचित्रांचा उत्सव आता दर उन्हाळ्यात चर्चं, गोदामं, शाळा व्यापून टाकतो.

राहिल्या दोन परंपरा, आणि माझं झुकतं माप त्यांच्याकडे आहे हे इथेच कबूल करतो. एक पाणबुड्यांची. रोनचं पाणी गढूळ, ओढ जबर, हाताएवढ्या अंतरावरचं दिसत नाही. त्या तळाशी ल्युक लाँग यांचा चमू वर्षानुवर्षं चाचपडत होता. २००७मध्ये त्यांना संगमरवरी मस्तक सापडलं. ते सीझरचंच का, यावर वाद आहेत, पण प्राचीन वस्तूंच्या संग्रहालयात गर्दी त्याच्याभोवतीच असते. मला खिळवून ठेवलं ते त्याच संग्रहालयातल्या ३१ मीटर लांबीच्या सपाट तळाच्या होडीने. पहिल्या शतकात दगड भरलेली ती धक्क्यालाच बुडाली, २०११मध्ये तुकड्यातुकड्यांनी वर काढली गेली. होडीवर खलाशांची चूल आणि भांडी सापडली. काचेच्या या बाजूला उभं राहून मी ती भांडी मोजली. दोन-तीन माणसांचा स्वयंपाक होईल एवढीच.

दुसरी परंपरा पाखरं मोजणाऱ्यांची. ल्युक हॉफमन या स्विस निसर्गअभ्यासकाने १९५४मध्ये कामार्गमध्ये तूर द्यु व्हाला हे संशोधन केंद्र काढलं. रोहित पक्ष्यांच्या विणीसाठी १९७०मध्ये मिठागराच्या तळ्यात एक बेट मुद्दाम बांधण्यात आलं. म्हणजे जे 'निसर्ग' म्हणून दाखवलं जातं तेही बांधलेलंच. भाताचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांसाठी व्हिएतनाममधून आणलेल्या मजुरांपैकी काहींना इथे भातशेतीवर लावलं गेलं आणि कामार्गचा तांदूळ खऱ्या अर्थाने उभा राहिला. सालँ-द-जिरोत त्यांचं स्मारक आहे. खाचरात भरलेलं नदीचं गोडं पाणी जमिनीतला खार खाली दाबून ठेवतं. कोकणात खाजणाला बांध घालून भात घेणाऱ्याला हे गणित नवं नाही.

आणि या गणितामुळेच हे पुस्तक आत्ता लिहावंसं वाटलं. १८४० आणि १८५६च्या महापुरांनंतर रोनला दोन्ही काठांनी बांध घातले गेले, समुद्राच्या बाजूलाही बांध आला. पूर थांबले, पण गाळही थांबला. ज्या गाळाने कामार्ग घडवलं तो आता सरळ समुद्रात जातो. समुद्र सँत-मारी या किनाऱ्यावरच्या गावाच्या बाजूने जमीन खातो आहे, खार वर येतो आहे. मिठागरांची हजारो हेक्टर जमीन किनारा राखणाऱ्या सरकारी संस्थेने घेतली आणि समुद्राकडचे काही बांध दुरुस्त न करता सोडून दिले: पाणी येऊ द्या, काय होतं ते बघू. काहींना हे शहाणपण वाटतं, काहींना पळपुटेपणा. गावात दुसरंच चाललंय. रेल्वेचे कारखाने १९८४मध्ये बंद पडले. त्या जागेवर २०२१मध्ये वास्तुकार फ्रँक गेरीचा ५६ मीटरचा, पोलादी पत्र्यांनी मढवलेला मनोरा उभा राहिला. तो उभारणाऱ्या माया हॉफमन या ल्युक हॉफमन यांच्या कन्या. बापाने पाणथळ जमीन राखली, मुलीने गावठाणात मनोरा बांधला. मला तो चुरगळलेल्या डब्यासारखा दिसतो, पण संध्याकाळी त्याच्यावर पडणारं ऊन बघायला मी दोनदा परत गेलो हेही खरं.

एका लेखाबद्दल आगाऊ सांगायला हवं, कारण तिथे मराठी वाचक घाई करण्याचा संभव आहे. दर वर्षी २४ मे रोजी समुद्रकाठच्या सँत-मारी-द-ला-मेरमध्ये जिप्सी लोक त्यांच्या सारा या संत बाईची मूर्ती खांद्यावरून समुद्रात नेतात. चर्चखालच्या तळघरात ती उभी असते, काळ्या चेहऱ्याची, एकावर एक झगे चढवलेली. मेणबत्त्यांच्या धगीने तिथे घाम फुटतो. तिला 'सारा ला काली' म्हणतात, की आपल्याला वाटतं, सापडली आपली काली! जरा दमाने. रोमानी भाषेत 'काली' म्हणजे काळी, आणि सारेला समुद्रावर नेण्याचा प्रघात १९३५पासूनचा. देवीच्या विसर्जनाशी त्याचं नातं लावण्याला पुरावा नाही. पुरावा आहे तो भाषेत, आणि तो मला पुरेसा वाटतो. पाण्याला पानी, नाकाला नाख, कानाला कान, माणसाला मनुष. हजार वर्षांच्या वाटचालीत या लोकांचे देव बदलले, धर्म बदलले, शरीराचे आणि पाण्याचे शब्द राहिले.

मराठीत प्रवासवर्णनाची परंपरा समृद्ध आहे. 'अपूर्वाई'ने परदेश बघताना हसायला शिकवलं, मीना प्रभूंनी 'रोमराज्य'सारख्या पुस्तकांतून एकेका देशात मुक्काम ठोकून बघायला शिकवलं. मी त्याहून लहान तुकडा घेतला आहे: एक गाव आणि त्याची हद्द. हे मार्गदर्शक नव्हे. हॉटेलं, भाडी, वेळा इथे मिळणार नाहीत. निमचं अँफिथिएटर, पाँ द्यु गार, आव्हिन्याँचा पोपचा वाडा ही शेजारची बडी मंडळी ओझरती येतील. बैलांच्या खेळांवर लिहिताना मी एक बाजू घेतली आहे: जिथे बैल मारला जातो तो खेळ मी एकदा अर्धा बघून उठलो. जिथे शिंगांना बांधलेली फीत काढायची असते आणि जाहिरातीवर माणसांपेक्षा बैलाचं नाव मोठं छापतात, तो कामार्गचा खेळ पुन्हापुन्हा बघितला. लेख कुठल्याही क्रमाने वाचले तरी चालतील, पण बार्बगालचा लेख आधी वाचलात तर बरं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर दोन रात्री तरी मुक्काम करा. पहिल्या दिवशी गावठाण उरकू नका, बस धरून खाली जा. आणि जूननंतर गेलात तर डासांचं औषध जवळ ठेवा. भातखाचरांच्या मुलखात त्यांचं राज्य असतं, आणि या पुस्तकात त्यांच्यावर वेगळा लेख नाही.